सा. खि.

निहारने सोफ्यावर बसल्या बसल्या जोडून दिलं:
माझं पळण्याचं ॲप आणि तो बोलणारा मदतनीस.
मध्ये एक पाटी आली.
वाचायची परवानगी? लिहायचीही?
"दोन्ही दे मावशी, नाहीतर उपयोग काय."
मी एकच दिली.
बँकेत एकतीस वर्षं काढलीत,
पासबुक बघणाऱ्याला आम्ही सही करू देत नाही.

त्याने वाचलं.
होनप सरांनी सात वर्षांत साठवलेले सगळे तक्ते,
मंगळवारची हनुमान टेकडी, गुरुवारचे विद्यापीठातले चढ,
"बोलता येईल इतकंच पळा" हे वाक्य एकशे बारा वेळा,
माझा घोटा मुरगळला तो मार्च,
आणि आई दवाखान्यात होती ते सहा कोरे आठवडे,
ज्यांना तो अदबीने म्हणाला: माहिती उपलब्ध नाही.

चहा निवायच्या आत
डिसेंबरच्या एकवीस किलोमीटरचा नवा तक्ता हजर.
नीटस. माझ्या वयाला सोसेल असा.
खोटं कशाला बोलू, आवडला.
सर कधी इतक्या गोड शब्दांत "सावकाश" म्हणाले नव्हते;
ते शिट्टी मारायचे.

खाली दोन शंका होत्या.
रविवारी मॉडेल कॉलनीत तुम्ही विनाकारण डावीकडे वळता,
आठशे मीटर वाढतात. काढून टाकू?
आणि त्याच दिवशी दर वेळी "सा. खि." लिहिलंय.
हा व्यायाम माझ्या यादीत नाही.

माझ्याही नव्हता.
आमच्यात कुणी म्हणायचं साखळी खिंड,
कुणी साबुदाण्याची खिचडी,
आणि परतल्यावर ती खरंच व्हायची बापटीणबाईंकडे,
तेव्हा प्रश्न मिटला होता.

सरांना फोन लावला. दापोलीत असतात आता,
मागे कुणीतरी नारळ पाडत होतं.
"सान्यांची खिडकी," म्हणाले,
मी किती वाजले विचारावं तसे.
"तिसरा मजला, निळी जाळी. विजू साने.
कॉलेजात आठशे मीटर पळायची.
मला तर दर वेळी मागे टाकायची.
मग कंबर गेली, खुर्ची आली.
एकदा म्हणाली, पळणारे बघायला मिळत नाहीत रे.
म्हणून तुम्हाला न्यायचो त्या बाजूने.
सांगितलं असतं तर तुम्ही वर बघून हात हलवत बसला असतात
आणि वेग पडला असता."
मग खोकले. "आहे की नाही आता, कोण जाणे.
बघ जाताना."

सात वर्षं.
त्या कोपऱ्यावर मी फक्त
गटाराचं हलतं झाकण चुकवायला शिकले होते.

रात्री मदतनिसाला सांगितलं: वळण राहू दे.
"कारण नोंदवू का?"
म्हटलं, नोंदव.
तेव्हा आठवलं, त्याला लिहायला मनाई आहे.
चष्मा शोधला, सेटिंगमध्ये गेले,
ती पाटी पुन्हा बाहेर काढली
आणि दिली परवानगी.
सा. खि., त्याने लिहिलं, सान्यांची खिडकी.
सेट किती?
एक.
कालावधी?
तो रकाना मी रिकामा ठेवला.

रविवारी पावणेसातला पोचले.
जाळी आता पांढरी आहे.
एक पंचा वाळत होता,
आत दिवा होता किंवा काचेवरचं ऊन,
घाम डोळ्यांत उतरलेला, नक्की नाही सांगता येत.
वेग थोडा पडलाच.
हात वर केला
तर मनगटावरचं घड्याळ उजळलं:
व्यायाम थांबवायचा आहे का?